तरंगतं ते ठेवायचं

वर्तमानपत्राच्या पाचव्या पानावर निधनवार्ता असतात. त्या मी रोज वाचते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला ती सवय लागते. त्या दिवशी खालच्या ओळीत, डावीकडून दुसरा, त्याचा फोटो होता. मिशी वाढलेली, गाल बसलेले, डोळे तेच. सायखेड्याचे प्रगतशील शेतकरी, रोपवाटिका चालवत, हृदयविकाराने गेले, मागे आई, पत्नी आणि एक मुलगी, दशक्रिया विधी गावी नदीकाठी. एवढंच. तो तीन वर्षं आमच्या शाळेत शिक्षक होता याचा कुठे उल्लेख नव्हता. तो नसावा अशी व्यवस्था मीच केली होती.

मी रडले नाही. चहा गार झाला, तो पुन्हा गरम करून प्याले आणि शाळेत गेले. तिथे सहावीच्या वर्गाऐवजी आठवीच्या वर्गात शिरले आणि मुलं हसली तेव्हा बाहेर आले. असं आठवडाभर चाललं. हे दुःखच असणार, पण ते करायचा मला हक्क आहे का हे ठरत नव्हतं, कारण तो माणूस मला आवडत नव्हता. आजही आवडत नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे. ती मला इथे पाळता येणार नाही.

आमची शाळा पंचवटीच्या बाजूला, शहर संपून मळे सुरू होतात तिथे. अर्धा वर्ग मळेकऱ्यांच्या मुलांचा: मखमलाबादकडची फुलं आणि भाजी लावणारी घरं. बाकी नोकरदारांची मुलं. मी विज्ञान शिकवत असे. तो आला कार्यानुभवाला, म्हणजे हाताने करायच्या कामांचा जो तास असतो त्याला. तेव्हा नव्या शिक्षकाला आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागत. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मुख्याध्यापकांचा अहवाल चांगला गेला तर नोकरी कायम, नाही तर घरी. त्याच्या घरात तो पहिला शिक्षक होता. सायखेड्याहून रोज एसटीने यायचा आणि बुटांना नदीकाठची काळी माती घेऊन यायचा.

पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्या प्रयोगशाळेतली चंचुपात्रं नेली आणि त्यांत मेथीचं बी भिजत घातलं. मुलांशी तो गावच्यासारखं बोलायचा. "काय रे, लय शाना झाला का" असं त्याने म्हटलं की वर्ग खूश. मी बोलायला लागले की तोच वर्ग जांभया द्यायचा. एकदा त्याने सूचनाफलकावर कागद लावला, त्यात चार चुका होत्या. मी लाल पेनाने त्या दुरुस्त केल्या आणि कागद तिथेच राहू दिला. मुलांनी तो वाचला. पुढच्या वेळी त्याने सूचना कागदाच्या वरच्या अर्ध्यातच लिहिली आणि खाली लिहिलं, 'उर्वरित जागा मॅडमसाठी सोडली आहे.' स्टाफरूममध्ये सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

समोरासमोर आम्ही एकमेकांना सर आणि मॅडमच म्हणायचो, अहो-जाहो करायचो, दारात भेटलो तर आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, असं करायचो. मनात मी त्याला पहिल्या दिवसापासून एकेरीत बोलत असे. त्याच्याही मनात तसंच असणार.

त्याच्या तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर, वरून परिपत्रक आलं. सातवीच्या मुलांना प्लास्टिक म्हणजे काय, ते वितळवून पुन्हा कसं वापरतात आणि त्या धंद्यात कोणकोणती कामं असतात हे शिकवायचं, आणि तेही गट पाडून, मुलांकडून करून घेऊन. मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना बोलावलं. ते म्हणाले, विज्ञान मॅडमचं आणि हात सरांचे, तेव्हा दोघांनी मिळून करा. मग माझ्याकडे न बघता त्यांनी पुढे सांगितलं की सरांचा अहवाल या वर्षी जायचा आहे, त्यात या उपक्रमाची नोंद येईल. म्हणजे त्याचं काय पणाला लागलं आहे ते आम्हा तिघांनाही त्या खोलीतच समजलं.

पहिलं भांडण गट पाडण्यावरून झालं. त्याचं म्हणणं, एका वस्तीतली पोरं एका गटात ठेवू, म्हणजे शाळा सुटल्यावरही ती मिळून माल गोळा करतील. मी म्हणाले, चिठ्ठ्या टाकायच्या. ओळखीच्यांबरोबर कुणीही काम करतं, त्याला गटकार्य म्हणत नाहीत.

"कांद्याच्या खळ्यावर चिठ्ठ्या टाकून माणसं लावत नाहीत, मॅडम."

"ही शाळा आहे, सर. खळं नाही."

चिठ्ठ्या टाकल्या. पाच गट झाले. मी गटांसाठी नियम लिहून भिंतीवर लावले. त्यातला सहावा नियम माझ्या खास आवडीचा होता: मतभेद झाल्यास हात वर करून बहुमताने ठरवावे. लोकशाहीवर मी त्या दिवशी दहा मिनिटं बोलले. तो मागे भिंतीला टेकून नखातली माती काढत होता.

धंद्यातली कामंही प्रत्येक गटात चिठ्ठ्यांनीच वाटली. कुणी माल निवडणारा, कुणी यंत्र चालवणारा, कुणी साचा बनवणारा, कुणी तयार माल तपासणारा, कुणी विकणारा. ज्याला जे काम आलं त्याने त्याची माहिती काढायची आणि महिनाभर गटात तेच करायचं. ओझरच्या विमान कारखान्यात ज्याचे वडील होते त्या मुलाच्या चिठ्ठीत 'निवडणारा' आलं. तो उभा राहिला. त्याच्या पप्पांना हे चालणार नाही, भंगार निवडायला त्याला शाळेत घातलेलं नाही, असं म्हणाला. त्याच गटात मखमलाबादची एक मुलगी होती. तिच्या घरी गुलाबाचे मळे, ती पहाटे फुलं तोडून मग शाळेत यायची आणि घरात तीच सगळ्यांना कामाला लावत असणार.

"तुझ्या पप्पांना कोण विचारतंय?" ती म्हणाली. "चिठ्ठी तुला आली."

"मग तू घे माझी."

"मला साचा आलाय. मी नाय देणार."

त्या दुपारी मी व्हरांड्यातून जाताना पाहिलं की त्याने त्या ओझरच्या मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधला होता आणि त्याच्या कानाशी एकेक पिशवी चुरगळत होता. दुधाची पिशवी गप्प राहते, बिस्किटाचा पुडा करकर करतो, औषधाची बाटली टिचकी मारली की टणक वाजते. तीन-चार वेळा चुकल्यावर मुलगा बरोबर सांगायला लागला. शेवटी रुमाल न सोडताच तो सगळ्या वर्गासमोर वीस वस्तू ओळखून मोकळा झाला. त्यानंतर त्याच्या पप्पांचा विषय निघाला नाही. मी हे दारातून सगळं पाहिलं. असं शिकवणं मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं. उपक्रमाच्या वहीत मी त्या दिवसाची नोंद केली: वर्गात शिस्तीचा अभाव आढळला.

तीन आठवडे मुलं माल आणत होती. दुधाच्या पिशव्या, तेलाचे डबे, झाकणं, ठिबकाच्या काळ्या नळ्या, पाण्याचे फुटके पाइप, चपलांचे तळ, वायरीची सालं, पेनांची नळकांडी. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात आंबलेल्या दुधाचा वास बसला होता. मुलं गटागटाने बसून कात्रीने सगळ्याचे नखाएवढे तुकडे करायची. त्यांना एक आमिष होतं. एका विद्यार्थ्याच्या मामांचा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लहानसा कारखाना होता. भंगारातून प्लास्टिकचा दाणा काढायचा आणि तो वितळवून साच्यात घालून पाण्याचे मग, कुंड्या असल्या वस्तू करायच्या. त्यांनी कबूल केलं होतं की मुलांनी निवडून, धुऊन आणलेल्या मालातून ते मुलांसमोर फूटपट्ट्या काढून देतील, प्रत्येकाला एक, त्यावर शाळेची आद्याक्षरं. मखमलाबादच्या मुलीने त्या अक्षरांचा साचा मातीत कोरून आणला होता आणि कुणाला हात लावू देत नव्हती.

कारखान्यात नेण्याआधी एकच काम राहिलं होतं, पाण्यात टाकून निवडण्याचं. हे मी एका इंग्रजी पुस्तकातून घेतलं होतं. काही प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं, ते तरंगतं. पिशव्या, डबे, झाकणं, ठिबकाच्या नळ्या या वर्गातल्या. त्यांचे तुकडे चांगले वितळतात. पाइप, वायरीची सालं, चपलांचे तळ जड, ते बुडतात. त्यातलं काही जर गरम यंत्रात गेलं तर ते वितळत नाही, जळतं, आणि त्यातून आम्लाचा धूर निघतो. पुस्तकात ही ओळ चौकटीत होती.

मी फळ्यावर कृती लिहिली. बादली पाण्याने भरणे. तुकडे टाकून ढवळणे. वरचे व खालचे वेगळे करणे. नको ते टाकून देणे. नको ते कोणतं, हे मी आयत्या वेळी तोंडी सांगणार होते. मुलांनी आधी विचार करावा अशी माझी कल्पना. पण शनिवारी मला प्रशिक्षणाला जायचा आदेश आला आणि निवडण्याचं काम शनिवारीच होतं. त्याच्या देखरेखीखाली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तो प्रयोगशाळेच्या दारात आला. मी कपाटातल्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते. फलकावरची ती 'मॅडमसाठी जागा' त्याच आठवड्यातली. दोन दिवसांपूर्वीची.

"मॅडम, ते पाण्याचं. वरचं ठेवायचं का खालचं?"

मी वळले नाही. "पुस्तक टेबलावर आहे, सर. वाचून घ्या."

त्याला इंग्रजी येत नव्हतं. हे मला माहीत होतं. आदल्या वर्षी बँकेचं एक इंग्रजी पत्र त्याने लेखनिकाकडून वाचून घेतलेलं मी पाहिलं होतं. दरवाजा बंद करून, हळू आवाजात. तो टेबलापाशी आला. पुस्तक उघडलं. पानं उलटल्याचा आवाज मी ऐकला, दोन पानं, मग थोडा वेळ काही नाही. मग पुस्तक मिटलं. ते त्याने टेबलाच्या कडेला सरळ करून ठेवलं.

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

एका शब्दाचं उत्तर होतं. ते माझ्या तोंडात होतं. मी पुढच्या बाटलीला चिठ्ठी लावली. व्हरांड्यात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं, हेही मी तेव्हाच पाहून घेतलं होतं की नंतर मनाने जोडलं, ते आता सांगता येत नाही.

शनिवारी काय झालं ते मला पुढे मुलांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. मैदानात पाच बादल्या मांडल्या होत्या. तुकडे टाकले, काठ्यांनी ढवळले. काही वर आले, काही खाली बसले. मुलांना मजा वाटली. मग चौथ्या ओळीपाशी गाडी अडली. ओझरचा मुलगा म्हणाला, बाईंनी नको ते कुठलं हे सांगितलेलंच नाही. सरांनी मुलांनाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

मखमलाबादच्या मुलीला काही वाटायची गरज नव्हती, तिला माहीत होतं. घरच्यापुरती बाजरी पेरायची झाली की तिचे आजोबा बी मिठाच्या पाण्यात टाकत. वर तरंगतं ते पोचट आणि रोगट, ते काढून फेकायचं. खाली बसतं ते भरलेलं, ते धुऊन वाळवून पेरायचं. अर्ध्या वर्गाने आपापल्या घरी हेच पाहिलं होतं. सरांनीही. ते तर दर पावसाळ्याच्या तोंडाशी स्वतःच्या हाताने हे करत आले होते. तरंगतं ते वाईट आणि बुडतं ते चांगलं, हे त्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही.

ओझरचा मुलगा तरी कुरकुरत राहिला. तेव्हा कुणीतरी भिंतीवरच्या सहाव्या नियमाची आठवण करून दिली. हात वर झाले. ओझरचा आणि आणखी दोघे एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. सरांनी हात मोजले आणि बहुमत मान्य केलं.

मग मुलांनी चाळण्यांनी वरचं सगळं काढलं. तीन आठवड्यांच्या पिशव्या, डबे, झाकणं. ओळ करून, टोपल्या हातोहात पुढे देत, कचऱ्याची घंटागाडी आली तेव्हा तिच्यात रिकाम्या केल्या. तळाचं मात्र तीन पाण्यांनी धुतलं, ताडपत्रीवर वाळवलं, पोत्यांत भरलं, तोंडं शिवली आणि वर लिहिलं, 'चांगला माल'. चिठ्ठ्यांनी जमवलेले, एकमेकांना न आवडणारे पाच गट त्या दिवशी एका घरासारखे वागले. शिपाई मला सोमवारी कौतुकाने सांगत होता.

सोमवारी मी ती पोती पाहिली. दोन मुलांनी एक उचललं तेव्हा दोघंही वाकली. प्लास्टिकच्या पिशव्यांच्या पोत्याला एवढं वजन असायचं कारण नव्हतं. माझ्या ते लक्षात आलं. शिवण उसवून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण बघायचं म्हणजे त्याला काहीतरी विचारावं लागलं असतं, आणि आमच्यात कोण कुणाला विचारणार याचा निकाल शुक्रवारी लागला होता.

मंगळवारी अंबडला गेलो. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. मामांनी स्वागत केलं, निवडण्यापासून विकण्यापर्यंत कोण काय करतं ते मुलांना दाखवलं. निवडणाऱ्या बायका एका ओळीत बसल्या होत्या. त्यांना दाखवून ते म्हणाले, या कारखान्यात साहेब मी नाही, या आहेत. यांचा हात चुकला तर माझं यंत्र बसलं. मुलं हसली. मग ते पोत्यांकडे वळले. "बाईंनी शिकवून निवडलंय, आता परत काय निवडायचं," असं म्हणत त्यांनी वरवर पाहिलं न पाहिलं केलं आणि यंत्र चालवणाऱ्याला खूण केली.

पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. मखमलाबादची मुलगी अगदी पुढे, साच्याजवळ उभी होती. मग यंत्रातून करपल्यासारखा वास आला, आणि एकदम पांढरा धूर, नाकात आणि डोळ्यांत सुईसारखा. यंत्र चालवणारा तोंडावर हात धरून मागे सरला. मामा ओरडले, बटण बंद झालं, सरांनी मुलांना दोन्ही हातांनी ढकलत बाहेर काढलं, शेवटचं मूल बाहेर येईपर्यंत ते आत होते. मी दारात होते, त्यामुळे मी आधीच बाहेर होते. ओझरच्या मुलाचे डोळे लाल होऊन सुजले. यंत्र चालवणारा नळाखाली डोकं धरून खोकत होता. यंत्राच्या तोंडातून एक काळा, बुडबुडे आलेला गोळा निघाला आणि तो खाली पडेना.

मामांनी उरलेल्या पोत्यात हात घालून मूठभर तुकडे काढले. पाइप, वायर, चपला. ते तुकडे त्यांनी आमच्यासमोर धरले. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं.

"हे कोणी निवडलं?"

मखमलाबादच्या मुलीने हात वर करायला सुरुवात केली. सहाव्या नियमासारखाच. तेवढ्यात तो पुढे झाला.

"मी," तो म्हणाला.

"तुम्ही मास्तर ना? मग या बायका तुमच्यापेक्षा शहाण्या. यांना शाळेत पाठवतो, तुम्ही इथे बसा."

निवडणाऱ्या बायका हसल्या नाहीत.

दोन दिवसांनी ओझरच्या मुलाचे वडील लेखी तक्रार घेऊन आले. मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना बोलावलं, त्याच खोलीत. तो उभा राहिला होता, मी बसले होते. मुख्याध्यापकांनी विचारलं, मुलांना उलटं का निवडायला लावलंत? त्याने बाजरीचं सांगितलं. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. मग तो थांबला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी आदल्या दिवशी मॅडमना विचारलं होतं, सर."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. "विचारलं होतं?"

टेबलावर त्यांचा पेन होता, त्याचं टोपण काढलेलं. मी त्या पेनाकडे पाहत होते.

"मला तसं आठवत नाही," मी म्हणाले.

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला सोपं गेलं असतं. गणितात चूक कुठे झाली ते शोधणाऱ्या मुलासारखं तो बघत होता. मग त्याने खाली पाहिलं. अहवाल त्या आठवड्यात गेला. मार्चनंतर त्याला कायम केलं नाही.

शेवटच्या दिवशी तो प्रयोगशाळेची जादा किल्ली परत द्यायला आला. चंचुपात्रं घासून आणली होती, सगळी, एकही फुटलेलं नव्हतं. ती ओळीने मांडली आणि दारात थांबला.

"मॅडम, आता तरी सांगा. पुस्तकात काय लिहिलं होतं?"

"तरंगतं ते ठेवायचं," मी म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने मान हलवली. "मला वाटलं लय मोठं काहीतरी असंल," असं म्हणाला आणि गेला. मी त्याच्या मागे गेले नाही. मला त्या क्षणी त्याचा रागच आला होता, की जाता जाताही तो मला असं उभं करून गेला.

पुढची सात-आठ वर्षं मी तो उपक्रम दर वर्षी घेतला. मुंबईत पाणी भरल्यावर पिशव्यांवर बंदी आली तेव्हा तर पाहुणे तो पाहायला यायचे. फळ्यावर मी पहिली ओळ तीच लिहायचे, मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा. मुलांना वाटायचं बाईंना ती फार महत्त्वाची वाटते. सहावा नियम मी भिंतीवरून काढून टाकला. कुणी विचारलं नाही.

दशक्रियेला मी सायखेड्याला गेले. ओझरच्या अलीकडेच एसटी बंद पडली, म्हणून पोहोचायला उशीर झाला. विधी संपून लोक पांगत होते. घर रोपवाटिकेला लागूनच होतं. शेडनेटच्या सावलीत टोमॅटोची आणि मिरचीची रोपं प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ओळीने उभी होती. जुने, चिरलेले ट्रे एका बाजूला धुऊन, रचून, दोरीने बांधून ठेवलेले. प्रत्येक गठ्ठ्यावर खडूने काय घ्यायचं, काय टाकायचं ते लिहिलेलं होतं. अक्षर त्याचंच. दोन चुका होत्या.

त्याची बायको ओट्यावर बायकांमध्ये बसली होती. मी जवळ गेले, शाळेचं नाव सांगितलं. तिने मान वर केली.

"तुम्ही त्या विज्ञानाच्या मॅडम ना?"

मी हो म्हटलं. बाजूच्या बायका सरकल्या, पण बसायला कुणी म्हटलं नाही. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी तिच्या मांडीला टेकून होती, डोळे त्याचेच. मी बोलायचं ठरवून आले नव्हते. निदान तसं मला वाटत होतं.

"त्यांनी मला विचारलं होतं," मी म्हणाले. "शुक्रवारी. मी सांगितलं नाही. आणि नंतर आठवत नाही म्हणाले."

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. तुम्हालाच आठवायला एवढी वर्षं लागली."

मी मान खाली घातली. तिने मला त्यातून सोडवलं नाही. मग मुलीच्या केसांवरून हात फिरवत, तिच्याकडेच बघत ती बोलली.

"गावात म्हणतात, मास्तरने पोरांना धुरात घातलं म्हणून काढून टाकला. हिला शाळेत बोलतात. मी सांगते तर म्हणतात, बायको हाय, ती सांगणारच." मग माझ्याकडे पाहिलं. "तोंडी सांगून काय करू मी? लिहून द्या. हिला वाचता येतं."

तिने चहा विचारला नाही. मी मागितला नसता.

हे लिहायला मला महिना लागला. मी चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन खेपांना त्यात तो जास्त चांगला आणि मी जास्त दुःखी झाले होते, ते फाडून टाकलं. त्याने माझी चंचुपात्रं न विचारता नेली, मुलांसमोर माझं हसं केलं, फलकावर अशुद्ध लिहिलं. तो मला आवडत नव्हता. मुलीला हेही कळायला हरकत नाही, ती वाचेल तेव्हा पुरेशी मोठी असेल. त्याने मुलांना कानाने प्लास्टिक ओळखायला शिकवलं. धुरातून तो शेवटी बाहेर आला. आणि निवडण्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी मधल्या सुट्टीत, प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून त्याने मला विचारलं होतं, वरचं ठेवायचं का खालचं. मुख्याध्यापकांच्या खोलीत मला ते आठवत होतं.

खाली मी पूर्ण नावाने सही केली आहे, आणि एक प्रत शाळेत दिली आहे.